डोकं सोडून बाकी सगळं

डोकं कधी दुखलं नाही. हे आधीच सांगून टाकते कारण मेंदूच्या बुडाला गाठ होती म्हटलं की प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, मग डोकं लय दुखत असेल ना, चक्कर येत असेल, फिट आली असेल. काही नाही. क्रोसिनची गोळी मी वर्षातनं एखाद्या वेळी घेणारी बाई. दुखत होते ते हात, गुडघे, जबडा, आणि खरं तर दुखण्यापेक्षा बदलतच जास्त होतं, पण ते इतकं हळूहळू की रोज आरशात बघणारीला कळत नाही आणि रोज समोर बसून जेवणाऱ्यांना तर त्याहून नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तासगाव भागात. वय आता ४५. आजाराचं नाव ॲक्रोमेगली. पिट्युटरी म्हणून एक ग्रंथी असते, मराठीत पीयूषिका म्हणतात, वाटाण्याएवढी, नाकाच्या पार मागे मेंदूखाली एका हाडाच्या खोबणीत बसलेली, आणि एवढीशी असून थायरॉइड, पाळी, दूध, वाढ, अंगातलं पाणी सगळ्याचा कारभार तिच्याकडे. माझ्या ग्रंथीत गाठ झाली आणि ती गाठ बसल्या जागी ग्रोथ हार्मोन बनवत राहिली. लहानपणी झालं असतं तर मी सात फूट झाले असते, पण मोठेपणी हाडांची टोकं बंद झालेली असतात म्हणून उंची वाढत नाही, मग हात, पाय, जबडा, नाक, जीभ हे सगळं जाड आणि रुंद होत जातं, आतलं हृदय पण. आणि ह्या गाठी जवळजवळ सगळ्याच साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात, हे पण लगेच सांगते कारण दुसरा प्रश्न तोच असतो.

सगळ्यात आधी कळलं ते कासारणीला. पुतणीच्या लग्नात चुडा भरायला घरी आली होती, माझ्या स्वतःच्या लग्नात पण तिनंच भरलेला. माझा हात सव्वादोनचा, म्हणजे दोन-चारचा, हे तिला पाठ. अंगठ्याच्या बुडाचं मांस चेपून बांगडी फिरवत फिरवत वर चढवायची तिची एक पद्धत आहे, तसं करायला लागली तर बांगडी बोटांच्या गाठींवरच अडली. "बाई, हात सैल सोडा की." मी म्हटलं सोडलाय की ओ. मग दोन-सहाची काढली, ती जाईना, त्यात दोन बांगड्या पिचल्या, शेवटी दोन-आठची, म्हणजे अडीचची, साबण लावून कशीबशी गेली. तिनं माझा पंजा हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही जाड झाला नाही. जाड झालेल्या बायकांचा हात मऊ लागतो. तुमचं हाडच रुंद झालंय." शेजारी वन्सं बसलेल्या, त्या म्हणाल्या काहीतरीच काय, वजन वाढलं की हात वाढतोच. विषय संपला. पुढे मला पुण्याच्या डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते ह्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

त्याच्या मागं-पुढं सोनाराकडून अंगठी दोनदा वाढवून घेतली. चप्पल पाच नंबरची सहा झाली मग सात झाली, आणि सातमध्ये पण लेडीज चप्पल पंजाला आवळायला लागली म्हणून मी ह्यांची घरातली स्लीपर घालून फिरायची. जोडवी तर कधीच काढून ठेवलेली. चष्म्याच्या दुकानात फ्रेम कानशिलावर रुतायची. ह्यातलं एकही डॉक्टरला सांगायचं कुणाच्या डोक्यात येईल? पाय मोठा झाला म्हणून कोण दवाखान्यात जातं.

दवाखान्यात गेले ते वेगळ्याच गोष्टींसाठी आणि प्रत्येक गोष्टीसाठी वेगळ्या दवाखान्यात. रात्री दोन-तीनच्या सुमारास दोन्ही हातांना मुंग्या यायच्या, इतक्या की उठून हात झटकत बसायचं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी कार्पल टनल सांगितलं, मनगटात नस दबतेय, खडू-फळा आणि पेपर तपासणं ह्यानं होतं म्हणाले, मनगटाला पट्टा दिला, बी-१२ दिलं. घाम असा यायचा की डिसेंबरात प्रार्थनेला उभी राहिले तरी ब्लाउज ओला, आणि पाळी पण मागं-पुढं होत होती, तर बायकांच्या डॉक्टर म्हणाल्या पाळी जायचं वय जवळ आलंय, काहींचं लवकर सुरू होतं. शुगर बॉर्डरवर आली, बीपी वाढलं, त्याची गोळी फॅमिली डॉक्टरांनी सुरू केली, घरात दोन्ही बाजूला डायबेटिस असल्यामुळं कुणालाच नवल वाटलं नाही. घोरणं एवढं वाढलं की हे बाहेरच्या खोलीत झोपायला गेले आणि लेकीनं मोबाईलवर माझं घोरणं रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं.

दातांचं सांगते कारण ते मला स्वतःला सगळ्यात विचित्र वाटलेलं. मी शिवणकाम करते थोडंफार, फॉल-पिको वगैरे. दोरा दातानं तोडायची सवय. एक दिवस दोरा तुटेना. पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकतच नव्हते, खालची ओळ वरच्या ओळीच्या पुढे आलेली आणि खालच्या दातांत फटी पडलेल्या, कणीस पुढच्या दातांनी ओढून खाता येईना. दातांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, हिरड्या साफ केल्या, म्हणाले वयानं दात सरकतात, वाटलं तर क्लिप लावू. जीभ पण जड झाली होती, कडांवर दातांचे वळ उठायचे. आवाज घोगरा झाला. कुरिअरवाला फोनवर "सर, घरी आहात का" म्हणायचा, मी पहिले काही दिवस "सर नाही, मॅडम" म्हणत होते, मग "हो आहे, या" एवढंच म्हणायला लागले. आणि भाच्याला कुस्ती बघायचं वेड, तो एकदा माझा हात स्वतःच्या हातावर ठेवून म्हणाला मामी तुझा पंजा खलीसारखा आहे. सगळे हसले. आता सांगितलं तर खोटं वाटेल पण खलीचा आजार हाच आहे, त्याच्या पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन २०१२ मध्ये अमेरिकेत झालं. पोरगं बरोबर बोललं होतं.

मला ह्या डॉक्टरांपैकी कुणालाच नावं ठेवायची नाहीत. प्रत्येकानं त्याच्या समोर आलेला तुकडा बरोबरच बघितला. कार्पल टनल खरंच होतं, शुगर खरंच बॉर्डरवर होती, दात खरंच सरकलेले. सगळे तुकडे एका टेबलावर कधी आलेच नाहीत एवढंच. वर्षाला दहा लाख माणसांत तीन-चार जणांना होणारा आजार, तालुक्याच्या डॉक्टरनं आयुष्यात एखादा बघितला तर बघितला.

पकडलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांनी. उजव्या हाताची नस मोकळी करायचं ऑपरेशन ठरलं, ॲडव्हान्स भरला, आणि त्या आधी फिटनेस म्हणून मला भुलेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तरुण माणूस, तिशीतला. त्याला कागद बघण्यात फारसा रस नव्हता, तो माझं तोंड बघत बसला. तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे करा, खालचा जबडा पुढे काढा, तर जबडा आधीच पुढे. मग त्यानं टॉर्च ठेवला आणि माझे हात हातात घेतले, कासारणीनं घेतले तसेच, आणि विचारलं, "मॅडम, गेल्या काही वर्षांत चपलेचा नंबर वाढलाय का?"

पाच-सहा वर्षांत इतके दवाखाने झाले, हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी पायातली ह्यांची स्लीपर दाखवली.

पुढचे त्याचे प्रश्न धडाधड. अंगठी? घाम? घोरणं? आवाज? मी हो हो करत गेले तसा तो जास्त जास्त गंभीर होत गेला, मग म्हणाला की ह्या हाताचं ऑपरेशन आत्ता नको, आधी एक रक्ताची तपासणी करून घ्या. आयजीएफ-वन. ग्रोथ हार्मोन रक्तात दिवसभर वर-खाली होत असतं म्हणून ते एकदा मोजून काही कळत नाही, पण त्याच्यामुळं लिव्हरमधून हे आयजीएफ-वन तयार होतं आणि ते स्थिर असतं, म्हणून ते बघायचं. सॅम्पल बाहेर गेलं, रिपोर्ट यायला काही दिवस लागले. माझ्या वयाला त्या लॅबच्या हिशोबानं अडीचशेच्या आत पाहिजे होतं, माझं सातशेच्या वर.

मग पुणे. हार्मोनचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. त्यांनी रिपोर्ट बघायच्या आधी सांगितलं, जुने फोटो आणलेत का? आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण ह्यांच्या मोबाईलमध्ये लग्नातल्या अल्बमचे काढलेले फोटो होते, बाकी २०१६ च्या ट्रिपचे, एक आधार कार्डवरचा, एक शाळेच्या ग्रुप फोटोतला. डॉक्टरांनी ते ओळीनं लावले आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. भुवयांच्या वरचं हाड, नाक, ओठ, हनुवटी. पाच-सहा फोटोंत बाई बदलत गेलेली सरळ दिसत होती. ह्यांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ पुढे-मागे करत बसले. मला रडू वगैरे आलं नाही, मला राग आला, कशाचा ते अजून कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लुकोजची टेस्ट. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायचं आणि दर अर्ध्या तासानं दोन तास रक्त द्यायचं. साखर पोटात गेली की नॉर्मल माणसाचं ग्रोथ हार्मोन खाली पडतं, एकच्या आत येतं. गाठीला ते फर्मान पोचत नाही. माझं दोन तासांत जागचं हललं नाही. बाकी पण हार्मोन बघितले आणि तिथं एक गोष्ट शिकले ती लिहून ठेवते, आपण थायरॉइडसाठी नुसतं टीएसएच करतो, पण टीएसएच पिट्युटरीच बनवते, त्यामुळं पिट्युटरीच बिघडलेली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसून थायरॉइड कमी असू शकतो, सोबत टी-फोर बघावा लागतो. माझा टी-फोर कमी होता. म्हणजे केस गळणं आणि थकवा ह्याचं उत्तर तिथं होतं, टीएसएच दरवर्षी नॉर्मल येत असून.

एमआरआयमध्ये गाठ १६ मिलिमीटरची निघाली. दहाच्या वर गेली की तिला मॅक्रो म्हणतात. डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात ती जागा पिट्युटरीच्या बरोबर वर, गाठ तिला खालून टेकलेली. म्हणून डोळ्यांची फील्डची तपासणी, एका वाटीसारख्या मशिनमध्ये हनुवटी ठेवून एक डोळा झाकायचा, समोर मधोमध बघत राहायचं आणि कडेला कुठं ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं मी मस्त दाबतेय. रिपोर्टमध्ये दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूचे वरचे कोपरे काळे. चष्म्याचा नंबर बरोबर, समोरचं सगळं स्वच्छ, आणि कोपरे गेलेले, ते जातात तेव्हा काळं दिसत नाही, तिथं काही दिसत नाही हेच कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं उघडं दार डोक्याला लागायचं त्याचा अर्थ तेव्हा लागला.

हार्मोनच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकड्यांवर जेवढं कळलं तेवढं कुठं वाचून कळलं नसतं. सगळ्यांची ग्रंथी एकच आणि कुणाचंच दुखणं दुसऱ्यासारखं नाही. सोलापूरकडची एक बाई होती, पस्तिशीची असेल, तोंड गोल, गाल लाल, पोट सुटलेलं आणि हातपाय मात्र काड्या. अंगावर कुठं टेकलं तरी काळं-निळं पडायचं. तिला खाली बसून भाकऱ्या थापल्यावर भिंतीला धरल्याशिवाय उठता यायचं नाही, आणि सासरी म्हणायचे खाऊन खाऊन सुटलीय. पोटावर जांभळ्या रेषा होत्या, बाळंतपणातल्या असतात त्याहून रुंद आणि गडद. तिची गाठ कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढवणारी, कुशिंग म्हणतात, आणि मिलिमीटर किती तर चार. माझी १६ ची आणि मी शाळा करत होते, हिची चारची आणि हिला उठता येत नव्हतं. साइजवरनं काही ठरत नाही हे तिच्याकडं बघून कळलं.

एक पोरगा आईबरोबर यायचा, लग्नाचं बघत होते त्याचं. दाढी कमी येत चालली होती आणि छातीतून दूध यायला लागलं होतं. पुरुषाच्या छातीतून. त्यानं सहा महिने कुणाला सांगितलंच नाही, बनियनवर डाग पडायला लागले तेव्हा आईनं धुताना बघितलं. त्याचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, हजारोंमध्ये. ह्या गाठीला ऑपरेशन बहुतेक वेळा लागतच नाही, कॅबरगोलिन नावाची गोळी आठवड्यातून दोनदा, आणि त्यानंच गाठ आकसते. गोळीनं त्याचं दूध बंद झालं, दाढी परत यायला लागली, पण पोरगा रात्र-रात्र ऑनलाइन रमी खेळायला लागला, पैसे घालवले. आईला वाटलं संगत वाईट. डॉक्टर म्हणाले गोळीचा पण परिणाम असू शकतो, काही जणांमध्ये ह्या औषधानं हात आवरत नाही, जुगार, खरेदी असं काहीही, आणि त्यांनी डोस बदलला. तिथं बसलेल्या आम्ही सगळ्या बायका त्या पोराकडे बघायच्या बंद होऊन गोळीच्या पाकिटाकडे बघायला लागलो. आणि एक ट्रकवाले काका होते, त्यांची गाठ कसलंच हार्मोन बनवत नव्हती, नुसती वाढत होती, कडेचं दिसायचं बंद होऊन ट्रकचे आरसे दोनदा फुटले तोवर चष्माच बदलत राहिले.

ऑपरेशन नाकातून. डोकं उघडत नाहीत, केस काढत नाहीत, ह्यावर आमच्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. नाकपुड्यांतून दुर्बीण घालून कान-नाक-घशाचे सर्जन वाट करून देतात आणि मागच्या पोकळीतून हाडाला खिडकी पाडून न्यूरोसर्जन गाठ खरवडून काढतात. नाकाच्या वाटेनं पिट्युटरीची गाठ काढायचं पहिलं ऑपरेशन १९०७ मध्ये ऑस्ट्रियात श्लोफर नावाच्या सर्जननं केलेलं, तेव्हा नाक बाहेरून कापून बाजूला करत. हे आमच्या सर्जननी सांगितलं आणि वर म्हणाले, तेवढं आता करत नाही. धीर द्यायची पण एक एक पद्धत असते.

भुलेची तयारी मोठी होती कारण जीभ जाड, जबडा मोठा, झोपेत श्वास अडकणारा, अशा माणसाला नळी घालणं अवघड. म्हणजे तासगावच्या त्या डॉक्टरांनी हाताचं ऑपरेशन थांबवलं ते एका अर्थी स्वतःच्या कामासाठी पण बरोबर होतं. आदल्या रात्री सिस्टर बांगड्या काढायला आल्या. काचेच्या निघेनात. साबण, तेल, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून ओढणं, सगळं झालं, शेवटी वाढवल्या, म्हणजे फोडल्या. सासूबाई सोबतीला होत्या, त्यांनी तोंड फिरवलं आणि लगेच पर्समधून हळदीत भिजवलेला दोरा काढून मनगटाला बांधला. तो मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये गेला, कुणी काढला नाही.

शुद्धीवर आले तेव्हा नाक दोन्ही बाजूनं बंद, तोंडानं श्वास, घसा कोरडा ठाक, आणि दुखत काय होतं तर मांडी. नाकातनं ऑपरेशन आणि पट्टी मांडीला. मागचं भोक बुजवायला तिथली चरबी घेतात हे आधी सांगितलं होतं पण लक्षात राहिलं नव्हतं. पुढचे दिवस सगळं लक्ष पाण्यावर. किती प्यायलं, किती गेलं, मापाच्या भांड्यात मोजून तक्त्यावर लिहायचं. पिट्युटरीच्या मागच्या भागातून लघवी आवरून धरणारं हार्मोन येतं, ऑपरेशननं ते थोडे दिवस रुसतं, मग माणूस नळासारखा सुटतो. मी सुटले. तहान अशी की ओठ ओले असून तहान, आणि लघवी पाण्यासारखी पांढरी. डेस्मोप्रेसिनची गोळी दिली तेव्हा थांबलं. प्रत्येक राउंडला एकच प्रश्न, नाकातून पातळ पाणी येतंय का, घशात मागे खारट लागतंय का, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, वाकायचं नाही, कुंथायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही.

आणि ह्या सगळ्यात चौथ्या का पाचव्या दिवशी माझा हात हलका झाला. म्हणजे खरोखर. बोटांची सूज उतरली, मूठ पूर्ण मिटायला लागली, रात्रीच्या मुंग्या गायब. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली आई तुझं तोंड लहान झालंय. मऊ भागात साठलेलं पाणी पहिलं उतरतं, हाड नाही उतरत, असं डॉक्टरांनी लगेच सांगून ठेवलं. पण घाम बंद झाला होता. पंख्याखाली थंडी वाजली, किती वर्षांनी.

घरी सोडलं आणि इथं एक सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं झालं. ऑपरेशनला आठवडा होत आला होता, मी घरी, भेटायला येणारे शहाळी घेऊन येतायत, आई तांब्या घेऊन मागं मागं, पाणी पी, हॉस्पिटलात तुला पाणी पाणी झालं होतं. मला मळमळायला लागलं, डोकं जड, बोलताना शब्द सापडेना. ह्यांनी डिस्चार्जचा कागद काढला, त्यात लिहिलेलं होतं की साधारण सातव्या दिवशी सोडियम तपासा. तपासलं तर १२२, पाहिजे १३५ च्या वर. आधी जे हार्मोन रुसलं होतं तेच आता एकदम जास्त सुटतं, पाणी अंगात साठतं आणि मीठ पातळ होतं. परत ॲडमिट, आणि उपाय काय तर पाणी बंद. दिवसाला लिटरभर, मोजून. आईला समजावणं सगळ्यात अवघड गेलं, परवा पाणी पी म्हणत होते आज नको म्हणतायत, ह्या डॉक्टरांचं काही खरं नाही. दोन-तीन दिवसांत चढलं सोडियम.

ऑपरेशननंतर माझं कॉर्टिसोल कमी पडत होतं म्हणून त्याची गोळी काही महिने घ्यावी लागली, सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसोल पुरेसं येईपर्यंत. त्याचा नियम पक्का, ताप आला तर डोस डबल, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर सरळ दवाखान्यात जाऊन इंजेक्शन, स्वतःच्या मनानं बंद कधीच नाही. पर्समध्ये चिठ्ठी ठेवली होती, शाळेत मुख्याध्यापकांना पण एक देऊन ठेवलेली. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी पण करून घेतली, ह्या आजारात तिथं कोंब येतात म्हणून, एक छोटा निघाला, काढला.

तीन महिन्यांनी आयजीएफ-वन. खाली आलेलं पण रेंजमध्ये नाही. गाठीचा थोडा भाग बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून होता, तिथं सर्जन हात घालत नाहीत, ते त्यांनी आधीच बोलून दाखवलेलं. पुढचे रस्ते तीन, महिन्याचं इंजेक्शन, जे पगाराचा मोठा घास घेतं, नाहीतर रेडिएशन, नाहीतर ती कॅबरगोलिनची गोळी, थोडंच जास्त असेल तर काही जणांना तिच्यावर भागतं. मला भागलं. गोळी सुरू करताना डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, खर्च एकदम वाढला, रागराग वाढला तर मला फोन करायचा. हे म्हणाले रागाचं आधीपासून आहे, ते धरायचं का?

आता सांगायचं तर घोरणं निम्म्यावर, बीपीची गोळी अर्धी, शुगर खाली, डोळ्यांचे कोपरे बऱ्यापैकी परत आले. चप्पल सातचीच, रुंदीला जरा सैल एवढंच. आवाज तसाच, कुरिअरवाल्याचा मी अजून सर आहे. दात तसेच, दातांचे डॉक्टर म्हणाले हार्मोन वर्षभर स्थिर राहू दे मग क्लिप लावू, नाहीतर जबडा परत सरकला तर पैसे पाण्यात. अंगठी परत लहान करून घेतली, सोनारानं विचारलं वाढवायची का कमी करायची ते एकदा ठरवा. हाताच्या नसेचं ऑपरेशन लागलंच नाही.

राहिलं ते ऑफिसकडून परत मिळवायचं मेडिकल बिल. फाईल वरून खाली आली, शेरा मारून. ऑपरेशन नाकातून झाले असताना मेंदूच्या सर्जनची फी का लावली, खुलासा करावा. सर्जनचं पत्र आणलं, जोडलं. मग म्हणाले पुरावा म्हणून एमआरआयची झेरॉक्स जोडा. एमआरआयच्या फिल्मची झेरॉक्स पूर्ण काळी येते, मी दुकानातून फोन करून सांगितलं की ह्यात काहीच दिसत नाहीये. ते म्हणाले असू दे, सही करून जोडा, दोन प्रती.